घेण्यास नकार

परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, ऑफिसात सगळ्यांना एक निरोप पाठवायचाय. सकाळपासून लिहितेय आणि पुसतेय." मागून धाकटा ओरडला, की हल्ली ते काम कंप्युटर आपोआप करतो. करत असेल. मी ते काम हातानं करून पोट भरलं आहे. त्यातला एक आठवडा तुम्हा दोघांना सांगावा असं तेव्हापासून मनात आहे. तुमच्या बाबालाही तो पूर्ण ठाऊक नाही. तो तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि घरी फक्त जेवायला येत असे.

सातारा रस्त्यावर आज जिथे निळ्या काचांची संगणक कंपनीची इमारत आहे, तिथे आमचा कारखाना होता. विजेच्या छोट्या मोटारी तिथे बनत. मी पर्सोनेल खात्यात पत्रव्यवहार बघायची. इंग्रजीत एम.ए. केलं होतं, टायपिंग नंतर शिकले. पण नोकरीत खरं जे शिकले ते माझ्या पहिल्या साहेबांकडून. कागद टाइपरायटरला लावण्याआधी पॅडच्या कडेला त्यांना काही गोष्टी लिहिलेल्या लागत. वाचणारा कोण आहे, वाचताना तो कुठे उभा असेल, आधी काय ऐकून आलेला असेल, आणि वाचून झाल्यावर त्यानं नेमकं काय करायचं आहे. हे शेवटचं एका वाक्यात सांगता येत नसेल तर ते म्हणत, "बाई, मग पत्र लिहू नका. आधी चहा प्या."

ते निवृत्त झाले आणि काळ बदलला. बाहेरचा माल देशात मोकळेपणी यायला लागला. दारं उघडली म्हणून वर्तमानपत्रांतून कौतुक चाललं होतं. आमच्या मोटारींहून स्वस्त मोटारी त्याच दारांतून आत आल्या. कारखाना विकला गेला. नव्या मालकांना मोटारी हव्या होत्या, पण त्याहून जास्त शहरातली ती जमीन हवी होती. कात्रजचा घाट उतरून पलीकडे त्यांनी नवा कारखाना बांधला. वाइंडिंगचं खातं, म्हणजे मोटारीत बसणारी तांब्याच्या तारेची गुंडाळी हातानं भरणाऱ्या बायका, त्यांना तिथे न्यायचं ठरलं. ते काम करणारं यंत्र त्यांच्याकडे अजून आलेलं नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

बायकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं होतं की एका सकाळी गेटला कुलूप आहे आणि यंत्रं ट्रकवर चढताहेत. त्यांनी गेटसमोर मांडव घातला आणि सतरंजी टाकून बसल्या. युनियनचे नेते कोर्टाच्या कामाला मुंबईला गेले. जाताना सांगून गेले, "मी सोमवारी येतो. तोवर कुणी कशावर सही करायची नाही."

आणि कंपनीची मुदत शनिवारी संध्याकाळी संपत होती. नव्या कारखान्यात यायला तयार आहे असं शनिवारपर्यंत लेखी कळवायचं. जी कळवणार नाही तिनं काम सोडलं असं धरलं जाईल. नव्या मालकांच्या वकिलांनी ही अट घातली होती आणि ती कुणीच बदलू शकत नव्हतं, निदान आमच्या मजल्यावर तरी नाही.

आमचे नवे मॅनेजर तरुण होते. मनानं वाईट नव्हते. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, प्रत्येकीला पर्सनल लेटर जायला पाहिजे. घरच्या पत्त्यावर, रजिस्टर्ड. बोर्डावर नोटीस लावणं फार इम्पर्सनल वाटतं."

मी म्हटलं, "सर, रजिस्टर्ड नको. इथे रजिस्टर पत्र कुणी घेत नाही."

"का नाही घेणार?"

मी त्यांना समजावलं. आमच्याकडे आरोपपत्र हातात दिलं की कामगार घेत नसे, म्हणून कंपनी ते रजिस्टरनं घरी पाठवायची. निलंबनाचं तसंच, बडतर्फीचंही तसंच. कंपनीनं आजवर आनंदाची बातमी कधी रजिस्टरनं धाडली नव्हती. त्यामुळे पोस्टमननं पोचपावतीचं गुलाबी कार्ड पुढे केलं की घरातलं लहान मूलसुद्धा सांगायचं, आई घरी नाही. पत्र घेतलं नाही म्हणजे ते आलंच नाही, असं सगळे धरून चालत.

ते हसले. "पण मॅडम, हे चांगलं पत्र आहे. तुम्ही फक्त छान लिहा."

मग मी छान लिहिलं. आजही म्हणेन, त्याहून चांगलं पत्र माझ्या हातून लिहिलं गेलं नाही. इंग्रजी मसुदा बाजूला ठेवला आणि सरळ मराठीत लिहिलं. पहिली ओळ: आपले काम गेलेले नाही. दुसरी: पगार आणि नोकरीची वर्षे आहेत तशीच चालू राहतील. तिसरी: नेण्या-आणण्यास कंपनीची बस राहील. मग मुदत, ठळक अक्षरांत. खाली कापून देण्याची चिठ्ठी, तिच्यावर फक्त सही करायची. 'कळविण्यात येते की' नाही, 'सदरहू' नाही. पाकिटं मी स्वतः तपासून पोस्टात धाडली.

घरी तुमच्या आजोबांना प्रत दाखवली. ते गणिताचे मास्तर, कौतुक करायला पैसे पडतात असं वागायचे. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "उत्तम. फक्त एक सांग, हे पाकिटाच्या बाहेर दिसतंय का?"

"म्हणजे?"

"तुम्ही लोक पत्र लिहिता. ती माणसं पाकीट वाचतात."

पाकिटं परत यायला लागली. आधी थोडी, मग गठ्ठ्यानं. प्रत्येकावर पोस्टमनच्या तिरक्या अक्षरात लाल शाईनं तेच लिहिलेलं: घेण्यास नकार. एकही फोडलेलं नव्हतं. माझी पहिली ओळ आत डिंकाखाली बंद होती. मी ती पाकिटं टेबलावर रचत गेले.

मॅनेजरांनी वकिलांना फोन लावला. बोलणं झाल्यावर त्यांनी मान हलवली. "ते म्हणतात काही प्रॉब्लेम नाही. नकार दिला म्हणजे कायद्यानं पत्र मिळालंच असं धरतात. पाकिटं सीलबंदच ठेवा, त्यांच्या ऑफिसात पाठवा, पुरावा म्हणून."

"पण सर, त्यांना कळलेलंच नाही!"

"आपण कळवलंय ना?"

त्यांच्या दृष्टीनं निरोप पाठवला की संपला. पाकिटं शिवाजीनगरला वकिलांकडे गेली.

मी दुसरा निरोप लिहिला. मोठ्या अक्षरांत, गेटवर लावायला. लावला आणि तासाभरात त्यावर युनियनचं पत्रक चिकटवलेलं होतं. सुरक्षारक्षकाकडून तोंडी सांगून पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, "बाई, त्या म्हणतात, तू आधी कुलूप काढ, मग बोल." तिसरा मसुदा लिहायला बसले तेव्हा पॅडच्या कडेला लिहिलं, 'वाचणारा कोण' आणि थांबले. वाचणारं कुणी उरलंच नव्हतं. कंपनीच्या शाईनं लिहिलेलं काहीही आता त्या बायकांपर्यंत पोचणार नव्हतं. मुदत मात्र चालू होती.

शुक्रवारी दुपारी मी गेटबाहेर गेले. ऑफिसच्या माणसानं मांडवात जायचं नाही, हा न लिहिलेला नियम होता. आमचा हेडक्लार्क खिडकीतून बघत होता, तो मला पाठीवर जाणवत होता.

मांडवात मधोमध अक्का बसल्या होत्या. वाइंडिंगमध्ये सगळ्यांत जुन्या. गुलटेकडीला राहायच्या. नवरा मार्केट यार्डात हमाल होता, त्याची पाठ गेली तेव्हापासून तो घरीच. घर अक्कांच्या बोटांवर चालायचं. पण खात्यात सगळ्या त्यांच्याकडे बघत त्या वेगळ्या कारणानं. एकदा संपानंतर कंपनीनं चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सही केल्याशिवाय आत घेणार नाही म्हटलं. अक्कांनी घरची अडचण म्हणून सगळ्यांच्या आधी सही केली. पुढे त्याच हमीपत्रावर बोट ठेवून त्यांची बढती रोखली. तेव्हापासून बायकांचं ठरलेलं होतं, सही करायची तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही.

"या बाई," अक्का म्हणाल्या. "रस्ता चुकलात काय?"

"नाही, तुमच्याकडेच आले."

एक तरुण मुलगी म्हणाली, "थांबा, खुर्ची आणते. ऑफिसला सतरंजी टोचते."

मी सतरंजीवर बसले. "अक्का, पत्र परत का पाठवलंत?"

"मला काही आलंच नाय."

"पोस्टमन दारात आला होता."

"दारात तर कुत्रंपण येतं. सगळ्यांना आत घ्यायचं काय?"

सगळ्या हसल्या. मला हसू येत नव्हतं. मी म्हटलं, "त्यात चार्जशीट नव्हती."

"मग काय, लग्नाची पत्रिका होती?"

"काम होतं. नव्या कारखान्यात तुम्हाला घ्यायचं आहे. तुमचं काम गेलेलं नाही." ते पत्र मला पाठ होतं. मी ते जवळजवळ जसंच्या तसं बोलले. पगार तोच, वर्षं तीच, बस कंपनीची. "फक्त उद्या संध्याकाळच्या आत लेखी कळवायचं. नाही कळवलंत तर तुम्ही काम सोडलं असं धरतील."

हसणं थांबलं. कुणीतरी विचारलं, "हे पत्रात होतं?"

"पहिल्याच ओळीत."

"मग पाकिटावर का नाय लिहिलं?" अक्कांनी विचारलं.

घरीही मला हेच विचारून झालं होतं.

खुर्चीवाली मुलगी म्हणाली, "नेते सोमवारी येणारेत. ते म्हणाले सही नाय म्हणजे नाय."

"आणि मुदत शनिवारची आहे."

"तेच तर!" ती उसळून म्हणाली. "मुद्दाम शनिवारची ठेवलीय. ते नसताना सह्या घ्यायच्या. अक्का, ह्यांना पाठवलंय बघा गोड बोलायला."

"मला कुणी पाठवलेलं नाही."

"मग कशाला आलात?"

काय सांगणार होते मी? मी लिहिलेलं कुणी वाचलं नाही हे मला सहन होत नव्हतं, असं? तेही खरंच होतं. पण त्याहून खरं हे की त्या मांडवातलं एकेक घर मला डोळ्यांसमोर दिसत होतं आणि उद्यानंतरची त्यांची प्रत्येक सकाळ दिसत होती. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण उद्या संध्याकाळ होईल, यावर ठेवा."

अक्का म्हणाल्या, "घाटापलीकडून परत यायला किती वाजणार? घरी आमच्या ह्यांना कोण जेवायला घालणार, तुमची कंपनी?"

"हे मला माहीत नाही."

"बरंय. एक तरी खरं बोललात. जा आता. आमचं आम्ही बघतो."

शनिवारी मी जेवलेसुद्धा नाही. दुपार गेली. खिडकीतून मांडव दिसायचा. त्यातून आवाज वाढत होते, मध्येच कुणी तरातरा उठून जात होतं, परत येत होतं. चहावाल्यानं सांगितलं, "भांडणं जुंपलीत बाई तिकडं." मॅनेजर आपल्या केबिनमध्ये नव्या संगणकासमोर बसून होते. हेडक्लार्कनं टेबलं आवरायला सुरुवात केली.

आणि मग गेटमधलं छोटं दार उघडलं आणि त्या आत आल्या. अक्का पुढे, मागे बाकीच्या. सगळ्या नव्हत्या, पण पुष्कळ होत्या. माझ्या टेबलापुढे गर्दी झाली. अक्का म्हणाल्या, "द्या ती चिठ्ठी."

चिठ्ठ्या पाकिटांत होत्या. पाकिटं वकिलांकडे होती, सीलबंद, नकाराचा पुरावा म्हणून.

मी धावत केबिनमध्ये गेले. मॅनेजर म्हणाले, "अरे बापरे. फॉरमॅट तर तोच पाहिजे ना?" मी त्यांना न विचारता त्यांच्याच टेबलावरून वकिलांना फोन लावला. आयुष्यात प्रथमच साहेबांच्या फोनला न विचारता हात लावला असेल. वकिलांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "कोऱ्या कागदावर चालेल. लेखी हवं, सही हवी, ऑफिस बंद व्हायच्या आत आवक शिक्का हवा. आणि हे बघा, त्यात कुठलीही अट नको. अट असली तर मी ते उत्तर धरणार नाही."

मी परत आले. कोरा कागद घेतला. निरोप आता उलट्या दिशेनं जायचा होता. वाचणारा वकील, वातानुकूलित खोलीत बसलेला, नाही म्हणायला एक शब्द शोधणारा. मी लिहिलं: 'आम्ही खाली सह्या करणाऱ्या वाइंडिंग खात्यातील कामगार नवीन कारखान्यात कामावर येण्यास तयार आहोत.' मोठ्यानं वाचून दाखवलं.

अक्का म्हणाल्या, "'नाइलाजानं' लिहा."

"काय?"

"नाइलाजानं तयार आहोत, असं लिहा. आणि आमची केस आहे तशी चालू राहील, तेपण लिहा. आमचं म्हणणं नको का कुठं?"

मागून सगळ्यांनी "हां, लिहा, लिहा" केलं. त्यांचं रास्त होतं. सबंध आठवडा त्या त्यासाठीच उन्हात बसल्या होत्या.

"अक्का, नाही लिहिता येत. एवढा एक शब्द आला तर ते म्हणतील ही अट आहे. आणि हा कागद फेकून देतील."

"मग ह्यात आमचं काय राहिलं? हे तर कंपनीचंच झालं की!"

"तुमचं काम राहिलं."

"बाई, तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते ते?"

"कळतंय. ते सोमवारी नेते आल्यावर वेगळ्या कागदावर लिहा, मी स्वतः टाइप करून देईन. आज फक्त हे. मी हात जोडते."

मी खरोखरच हात जोडले. ऑफिस बघत होतं.

खुर्चीवाली मुलगी पुढे झाली. तिनं कागद वाचला, अगदी शेवटपर्यंत, ओठ हलवत. मग टेबलावर ठेवला. "आम्ही खुशीनं चाललोय असं लिहिलंय यात. मी नाय करणार ह्याच्यावर सही. काम जाऊ दे."

"अगं, ऐक माझं..."

"तुम्ही लिहायला हुशार आहात. कुणाच्या पण मापाला बसेल असं लिहिता."

ती वळली. तिच्यामागे आणखी काही जणी वळल्या. बाकीच्या अक्कांकडे बघत होत्या. सही करायची तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही, हे ठरलेलं होतं. आणि त्यातलं जे उरलं होतं तेही माझ्या टेबलापुढे, मी लिहिलेल्या एका वाक्यावरून मोडत होतं. अक्कांनाही ते दिसत होतं. दाराकडे गेलेल्यांना त्यांनी हाक मारली नाही. पेन उचललं, कागदावर वाकल्या. सही करताना त्यांनी वेळ घेतला, जणू प्रत्येक अक्षर तारेसारखं ओढून बसवत होत्या. मग पेन मागच्या बाईच्या हातात दिलं आणि तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "कर."

सह्या झाल्या. मी आवक शिक्का मारला, वेळ घातली, खाली सही केली. अक्कांनी प्रत मागितली. दिली. म्हटलं, "अक्का, बसा जरा, चहा मागवते."

"नको. आता जन्मभर तुमचंच पाणी प्यायचंय."

मी कागद केबिनमध्ये नेला. मॅनेजरांनी तो वाचला, मागचं पान उलटून बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "एक्सलंट, मॅडम. एकदम क्लिअर. एकही कंडिशन नाही."

ज्यांनी सह्या केल्या त्यांना कंपनीनं खरंच घेतलं. ज्या आल्याच नाहीत आणि ज्या वळून गेल्या त्यांनी काम सोडलं असं धरलं गेलं. त्यांच्यासाठी नेते पुढे बरीच वर्षं भांडले, पण काही निघालं नाही. सोमवारी दुसरा कागद टाइप करून घ्यायला माझ्याकडे कुणी आलं नाही. मी यंत्राला कोरा कागद लावून ठेवला होता.

त्या शनिवारी संध्याकाळी मी खिडकीशी उभी राहून त्यांना जाताना बघितलं. शिफ्ट सुटली की वाइंडिंगच्या बायका एकत्र चालत स्वारगेटच्या बाजूच्या बसस्टॉपवर जायच्या, सगळा रस्ता अडवून, मोठमोठ्यानं बोलत. त्या दिवशी सह्या केलेल्या एका फुटपाथनं गेल्या आणि न केलेल्या दुसऱ्या. कुणी बोलत नव्हतं. अक्का मांडवात एकट्याच मागे राहिल्या होत्या. त्यांनी सतरंजी झटकली, घडी घातली, आणि ती काखेत धरून कुठल्या बाजूनं जावं ते न कळल्यासारख्या गेटसमोर उभ्या होत्या.